पहिला वाटा देवाचा: संसारात राहून देवावर सर्वांत अधिक प्रीती कशी करावी

बोट बंदराला लागली की आम्ही कोळणी सगळ्यांत आधी मोजतो. पापलेट किती, त्यात मोठी किती, कोळंबीच्या पाट्या किती, बोंबील किती. नवरा धड उतरला का, त्याचा हात दोरीने कापला का, हे नंतर. देवाचं नाव त्याच्याही नंतर. वसईच्या किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यात लग्न होऊन मी आले त्याला आता छत्तीस वर्षं झाली. त्यातली तेहेतीस वर्षं मी अशीच मोजत आले.

म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय मला आमच्या बंदरावरचाच वाटतो. येशूच्या पुनरुत्थानानंतर पेत्र म्हणतो, ‘मी मासे धरायला जातो,’ आणि आणखी सहा जण त्याच्याबरोबर निघतात. रात्रभर काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला येशू सांगतो, जाळं उजवीकडे टाका. जाळ्यात १५३ मोठे मासे येतात. ह्या आकड्याचा गूढ अर्थ काय, यावर जुन्या काळापासून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात एवढंच दिसतं की कोणीतरी बसून ते मोजले. बोटीवर सात जण, वाटे पडायचे होते. मोजणारच.

न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला त्याच्या मूळ नावाने, शिमोन म्हणून, विचारतो, ‘योहानाच्या पुत्रा शिमोना, तू माझ्यावर ह्यांच्यापेक्षा अधिक प्रीती करतोस काय?’ ह्यांच्यापेक्षा म्हणजे कोणापेक्षा? बायबल वर्गात फादरांनी समजावलं होतं की मूळ ग्रीक शब्दावरून ते नक्की ठरत नाही. ‘हे बाकीचे शिष्य करतात त्यापेक्षा अधिक’ असा अर्थ निघतो, ‘ह्या सोबत्यांवर करतोस त्यापेक्षा’ असाही निघतो, आणि ‘ह्या वस्तूंपेक्षा’ म्हणजे होडी, जाळं, मासे, असाही. पुष्कळ अभ्यासक पहिला अर्थ घेतात. मी त्यांच्याशी वाद घालणारी कोण? पण वाळूवर ताज्या म्हावऱ्याचा ढीग पडलेला असताना कोणी मला हा प्रश्न केला, तर माझी नजर कुठे जाईल ते मला ठाऊक आहे.

देवावर प्रीती कर, असं म्हटलं की आपण सगळे मान डोलावतो. ‘ह्यांच्यापेक्षा’ म्हटलं की पंचाईत होते. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका शब्दाचं आहे. त्या शब्दाच्या जागी आपल्या घरातली खरीखुरी वस्तू ठेवायची आणि मग रोज हातांनी काय करायचं, तेवढंच.

आधी एक चूक सांगते, कारण भक्तीची ओढ लागली की पुष्कळ जणी हीच करतात. तिशीत असताना मी तीन दिवसांच्या एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, गेले आणि आले ती सगळं सोडायचा हट्ट घेऊनच. पाटल्या काढून ठेवल्या. फूल माळणं बंद केलं. वाड्यात कोणाची हळद असली की नाचायला जायचं टाळू लागले. जावेच्या गळ्यातली नवी साखळी बघून मनात म्हणायची, ही बिचारी जगातच अडकली. सहा महिन्यांत मी घरात सगळ्यांना नकोशी झाले. सोनं हातावरून उतरलं होतं खरं, पण दिवसभर डोक्यात सोन्याचाच हिशेब: कोणाच्या अंगावर किती, कोणी नवीन काय केलं. त्या सहा महिन्यांत मी देवाकडे पाहिलंच नाही. मी लोकांच्या मनगटांकडे पाहत होते.

योहानाच्या पहिल्या पत्रात ‘जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका’ असं लिहिलंय, आणि लगेच पुढे जग म्हणजे काय तेही सांगितलंय: देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराविषयीची फुशारकी. नीट वाचा. तिन्ही गोष्टी माणसाच्या आत आहेत. पापलेट त्यात नाही, पाटली नाही, हळदीचं नाचणंही नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलं की देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे, आभार मानून घेतलं तर टाकाऊ काहीच नाही. त्याच पत्रात पुढे तो द्रव्याच्या लोभाला सगळ्या वाइटाचं मूळ म्हणतो. द्रव्याला नव्हे, लोभाला. आणि त्या पहाटे येशूने स्वतः कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवली होती. वर म्हणाला, ‘तुम्ही आता धरलेल्या मासळीतून काही आणा.’ त्याने ढीग समुद्रात परत लोटायला सांगितलं नाही. म्हणून सुरुवात सोडण्यापासून करू नका.

सुरुवात शोधण्यापासून करा. माझ्या मनात पहिल्या जागी काय बसलंय? हे डोळे मिटून विचारलं तर मन ‘देव’ असंच उत्तर देतं, कारण तेच उत्तर बरोबर आहे हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलोय. मनाला विचारू नका. दिवसाला विचारा. रात्री दोनला जाग आली की पहिला विचार कशाचा येतो? गेल्या महिन्यात खोटं बोललात ते काय वाचवायला? घरातल्या माणसावर ओरडलात तेव्हा त्याने कशाला हात लावला होता? ही तीन उत्तरं कागदावर लिहा. मनातल्या मनात ठेवू नका, तिथे ती पुसट होतात. बहुतेक वेळा तिन्ही उत्तरांत एकच वस्तू निघते.

माझ्या कागदावर ‘घोळ’ निघाली असती. तेव्हा मी कागद घेतला नव्हता म्हणून तसं म्हणते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या पालघर जिल्ह्यातल्या एका बोटीला सुमारे दीडशे घोळी लागल्या आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. घोळ मासा मोठा, पण त्याची खरी किंमत त्याच्या पोटातल्या बोताची, म्हणजे हवेच्या पिशवीची. तो बोत सुकवून परदेशात जातो. त्या बातमीने किनाऱ्यावरच्या किती बायकांची झोप उडाली असेल देव जाणे. माझी तरी उडाली. मी नवऱ्याच्या मागे लागले: अजून लांब जा, नवीन जाळं घेऊ, कर्ज काढू. कर्ज काढलं. बोट रविवारीही जायला लागली. मी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवून बंदरावर उभी राहू लागले, कारण घोळ लागली तर लिलावाला मी हवी, नवरा दराला पडतं घेतो. रोझरी म्हणताना मणी बोटांतून सरकायचे आणि डोक्यात किलोचा भाव.

आमच्या बोटीवर डहाणूकडचा एक खलाशी होता, वारली पाड्यावरचा, बावीस-तेवीस वर्षांचा. मला काकी म्हणायचा. जानेवारीत त्याच्या आईची तब्येत बिघडली. त्याने दोन दिवसांची सुट्टी मागितली. पुढे उधाणाचे दिवस होते, पाण्याला ओढ चांगली, आणि बोटीला माणूस कमी पडला असता. मी म्हटलं, एवढं उधाण जाऊ दे, भांगाला, पाण्याची ओढ उतरली की, जा. तो काही बोलला नाही. सहा दिवसांनी गेला. तोपर्यंत आईची वाचा गेली होती. आठ दिवसांनी ती गेली.

त्या उधाणात घोळ लागली नाही. लागली असती तरी हे असंच लिहिलं असतं, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हटलं असतं की नाही, कोण जाणे.

१ मे २०२२ ला रविवार होता. इंजिन दुरुस्तीला गेलं होतं म्हणून बोट बंदरात, आणि म्हणून मी मिस्साला. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, आणि त्या वर्षी पुनरुत्थानकाळाच्या तिसऱ्या रविवारी योहानाचा हाच अध्याय आला. ‘ह्यांच्यापेक्षा’ हा शब्द ऐकला आणि मला १५३ मासे दिसले नाहीत. मला तो पोरगा दिसला, हातात दोरी, खाली मान. मी त्याच्या आईच्या आधी मासा ठेवला होता. देवाला तर मी त्या रांगेत कुठेच ठेवलं नव्हतं.

तर हे शोधणं असं आहे. त्यात लाज वाटते. ती वाटू द्या, पण लाज घेऊन घरी बसू नका, फादरांकडे पापनिवेदनाला जा. आमची जुनी माणसं कुमसार म्हणतात. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून त्याला नाकारलं, तेव्हा पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. ग्रीक नव्या करारात तो कोळशाच्या विस्तवाचा शब्द दोनदाच येतो, एकदा त्या नाकारण्याच्या रात्री आणि दुसऱ्यांदा किनाऱ्यावरच्या ह्या न्याहारीला. जिथे चूक झाली तसल्याच विस्तवाजवळ येशूने त्याला पुन्हा बसवलं आणि आधी खायला घातलं. फादरांनी मला प्रार्थना सांगितली आणि वर म्हणाले, त्या मुलाच्या घरी जाऊन या. आम्ही दोघं नवरा-बायको विरारहून डहाणू लोकलने गेलो, तिथून रिक्षाने पाड्यावर. ‘मी चुकले’ हे दोन शब्द म्हणायला मला त्याच्या अंगणात बराच वेळ लागला. त्याने कोरा चहा दिला.

आता रोजचं.

सकाळपासून सुरू करू, कारण सकाळ गेली की दिवस गेला. मासळीवाल्यांचे भावाचे व्हॉट्सअॅप ग्रुप पहाटे चारलाच वाजू लागतात. तुमच्याकडे शेअरचे असतील, ऑफिसचे असतील, नणंद-भावजयींचे असतील. नियम एकच: फोनच्या आधी देव. त्यासाठी मनाच्या जोरावर विसंबू नका. मी रात्री फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवते आणि उशाशी फक्त रोझरी. उठले की अंथरुणातच क्रुसाची खूण, मग स्तोत्र ७३ मधलं वचन, ‘स्वर्गात तुझ्याशिवाय मला कोण आहे? पृथ्वीवर मला तुझ्याशिवाय दुसरा कोणी प्रिय नाही.’ पहिल्या दिवशी हे म्हणताना खोटं वाटेल, कारण ते अजून खरं झालेलं नसतं. तरी म्हणा. लहान मूल ‘आई’ म्हणायला शिकतं तेव्हा त्याला आई म्हणजे काय ते कुठे ठाऊक असतं? मग दहा मिनिटं शांत बसा, रोज त्याच जागी. माझी जागा मोरीच्या बाहेरची पायरी आहे. दहा मिनिटांत काही घडलं नाही तरी उठताना वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आधी त्याला भेटलात, एवढं झालं.

पैशाचं मात्र मी जरा लांबवून सांगणार, कारण येशूनेच ‘जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल’ असं म्हटलंय. आपण उलट समजतो. मन वळलं की पैसाही वळेल, असं म्हणून वर्षानुवर्षं थांबतो. वचन पुन्हा वाचा: धन पुढे जातं, मन त्याच्या मागून येतं. म्हणून पैसा आधी हलवायचा.

बाजारात मी फळीवर मासळीचे वाटे लावते. २०२२ च्या ऑगस्टपासून पहिला वाटा लावते तो विकायचा नाही. तो छोट्या टोपलीत, वर ओलं गोणपाट. परतताना ज्या घरात बोट नाही, कमावणारा नाही, अशा घरी द्यायचा, दर दिवशी वेगळ्या. पहिलाच वाटा का? शेवटी उरलं तर देईन म्हटलं की शेवटी उरत नाही, हे प्रत्येक कोळणीला ठाऊक आहे. पण पहिला वाटा काढायला लागले आणि मनाने लगेच दुसरी वाट काढली. मी त्यात ठेचकाळलेली पापलेटं टाकू लागले, काल बर्फात राहिलेली कोळंबी घालू लागले. मलाखीच्या पुस्तकात देव विचारतो, आंधळं जनावर, लंगडं जनावर माझ्या वेदीवर आणता, तेच आपल्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बघू, तो खूश होईल का? ते वाचलं त्या दिवसापासून त्या टोपलीत मी घरी शिजवीन तेच जातं. आमच्या उत्तर कोकणातले शेतकरी ख्रिस्ती ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे कापणीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. त्याही पहिल्या आणि चांगल्या. कोणी पोचट लोंब्या नेत नाही.

रोख पैशाचं काय? जुन्या करारात दशांश सांगितलाय. कॅथलिक चर्च आज ठरावीक टक्का सांगत नाही, ऐपतीप्रमाणे द्या म्हणतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने एकदम दहावा भाग काढायला जाऊ नये, पुढच्या महिन्यात हात आखडतो आणि मग सगळंच बंद पडतं. मी लिलावाच्या पैशातून शंभरामागे दोन रुपयांनी सुरू केलं, आता पाचांवर आहे. पण काढायचे ते मोजायला बसण्याआधी, अंदाजाने, मूठ जरा सैल ठेवून. मोजून झालं की पैसा आपला होऊन बसतो. आणि कोणाला सांगायचं नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. इथे मी लिहिते आहे, पण माझं नाव घातलेलं नाही, तेवढी सूट मी फादरांना विचारून घेतली.

रविवार. समुद्राला रविवार कळत नाही, भरती-ओहोटी वार बघून येत नाही, हे मला नवऱ्याने पहिल्याच दिवशी ऐकवलं, आणि त्याचं बरोबर होतं. नर्स, बसचा ड्रायव्हर, आजाऱ्याला सांभाळणारी सून, ह्यांना रविवारी काम असतंच आणि त्यात पाप नाही, गरज आणि सेवा चर्चही मानतं. ज्याने त्याने स्वतःला विचारायचं, माझी गरज आहे की हाव? आमची हाव होती. हप्ता सहा दिवसांतही फिटत होता, ओढाताण करून. बोट रविवारी थांबली. त्या वर्षी दोन हप्ते अडले तेव्हा मी एक पाटली विकली. रिट्रीटनंतर काढून ठेवलेली आणि पुढे पुन्हा हातात आलेली तीच. तेव्हा ती गाजावाजा करून काढली होती, ह्या वेळी सोनाराकडून निघून सरळ भाजी घेऊन घरी आले. मनगट हलकं वाटलं, बाकी काही नाही.

उपवासाबद्दल थोडंच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे चर्चने ठरवलेले उपवासाचे दिवस, १८ ते ५९ वयाच्या लोकांसाठी: एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. मधुमेह असेल, गरोदर असाल तर करू नका, त्यात भक्ती कमी होत नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. पण कोळ्याच्या घरात शुक्रवारी मटण नाही, पापलेटचं कालवण आहे, तर त्याग कुठे झाला? म्हणून आमच्या घरी उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतल्या, शुक्रवारी म्हावरं नसतं. वालाची आमटी, भात. पहिल्या शुक्रवारी मुलगा ताटावरून उठला होता. जीव कशात अडकलाय ते त्या रिकाम्या ताटात कळतं, म्हणून तुमचं ‘मासं’ काय आहे ते बघून तेच सोडा. जे तसंही आवडत नाही ते सोडून काय उपयोग? वाचलेले पैसे पहिल्या वाट्याच्या टोपलीत. आणि तोंड धुऊन, केस विंचरून बाजारात बसायचं. गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

संध्याकाळी विळी आणि फळी धुताना मी दिवसाची झडती घेते. संत इग्नेशियसने ही पद्धत शिकवली: आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी कृपा. क्रम बदलू नका. आभार पहिले ठेवलेत त्याला कारण आहे, चुकांपासून सुरुवात केली की माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. आज समोरून भाव पाडून मागणाऱ्या म्हातारीवर ओरडले का? शेजारणीच्या पाटीत जास्त माल बघून पोटात काय झालं? सात-आठ मिनिटं पुरतात. पाण्यात हात असताना मन जरा खरं बोलतं, असा माझा अनुभव.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस. पैसा येत नाही, बोट वर ओढलेली, पाऊस कौलांवर. पूर्वी हे दोन महिने मी भाव, हप्ते आणि सुक्या बोंबलांच्या पिशव्या मोजण्यात काढायची. आता मार्काचं शुभवर्तमान वाचते. १६ अध्याय, रोज एक, म्हणजे जवळजवळ चार वेळा होतं. तिसऱ्या वाचनाला कुठे आपण त्यातल्या माणसांना ओळखायला लागतो. तुमच्या आयुष्यातही असे बंदीचे दिवस येतात: आजारपण, नोकरी गेलेली, मूल लहान म्हणून घरात अडकलेले महिने. ते फुकट गेले म्हणू नका. नेहमीचं सगळं हातातून गेलेलं असतं तेव्हा ‘ह्यांच्यापेक्षा’ विचारायला येशूला जागा मिळते. त्या तळ्यावरही रिकाम्या रात्रीनंतरच सकाळ झाली.

हे सगळं महिनाभर केलं आणि मनात प्रीती म्हणून काही वाटलंच नाही, तर? वाटणार नाही. कित्येक दिवस वाटत नाही. ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा प्रीतीसाठी एक शब्द वापरतो आणि पेत्र तिन्ही वेळा दुसराच शब्द वापरून उत्तर देतो, तिसऱ्या वेळी येशू पेत्राचाच शब्द घेतो. ह्या दोन शब्दांत मोठा फरक आहे की नाही यावर जाणकारांत एकमत नाही. मला त्यात येशू खाली वाकलेला दिसतो, पेत्राला जमलं तेवढ्यापर्यंत. आणि पेत्राच्या उत्तरातला मला आवडणारा भाग म्हणजे ‘तुला ठाऊक आहे’. तो ‘मी सगळ्यांपेक्षा जास्त करतो’ असं म्हणत नाही. तसं त्याने एकदा छाती पुढे काढून म्हटलं होतं, त्याच नाकारण्याच्या रात्री, कोंबडा आरवण्याच्या आधी. तेव्हा कोरड्या दिवशी तेवढंच म्हणा: प्रभू, तुला ठाऊक आहे. मग उठून पहिला वाटा काढा.

खूण हवी असेल तर ती मनात शोधू नका. पेत्राच्या प्रत्येक उत्तरावर येशू एकच काम सांगतो, माझी मेंढरं राख, माझी कोकरं चार. देवावरची प्रीती खरी असेल तर तुमच्या हाताखालच्या माणसांना तुमचा जाच कमी होतो. घरकामाच्या बाईला, दुकानातल्या पोऱ्याला, सुनेला विचारा. त्या खरं सांगतील असं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

एक अवघड गोष्ट राहिली. वाईट इच्छा ओळखता येते. चांगल्या प्रेमाचं काय, मुलांवरच्या? माझा मुलगा बोट नको म्हणतो, त्याला विरारला एका कंपनीत जायचंय. त्याच्या आजोबांची बोट, आणि मी प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणताना ह्या ओळीवरून पटकन पुढे सरकायचे. लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र, याकोब, योहान ह्यांनी सगळं सोडलं ते कधी, आठवा. रिकाम्या रात्रीनंतर नाही. होड्या बुडायला आल्या इतके मासे लागले, त्याच सकाळी. मी असते तर म्हटलं असतं, आजचा लिलाव होऊ दे, मग जाऊ. आणि मार्क सांगतो, मागे याकोब-योहानाचा बाप जब्दी होडीत राहिला, मजुरांबरोबर. त्या बापाकडे मी आता जास्त बघते. सोडणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. ज्याची मुलं उठून गेली आणि ज्याने जाळं हातात धरून त्यांना जाऊ दिलं, त्याचीही प्रीती त्या सकाळी तोललीच गेली असेल.

सगळ्यांना सोडायला बोलावणं येतं असंही नाही. आमच्या वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया जपानात व्यापारी होता, धंदा चांगला चालला होता, तो टाकून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच्या काळात वसईत व्यापार करणारे आणखी किती असतील. त्याला बोलावणं आलं, तो गेला. मला बाजारात फळीच्या मागेच बसवलंय. मुलाला मी हो म्हटलंय. ‘हो’ म्हणून आठवडा झाला, अजून रात्री जाग येते, तेव्हा उशाशी रोझरी असते.

चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी मागची थकबाकी भरायला जाऊ नका. पाच रोझऱ्या एकदम म्हणायच्या, पाच वाटे एकदम काढायचे, असं करू लागलात की ते कर्जाच्या हप्त्यासारखं होतं. त्या दिवसाचं तेवढंच करा.

डहाणूचा तो पोरगा २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोटीवर परत आला, मी बोलावलं नव्हतं. यंदा शिमग्याला त्याने पाच दिवस मागितले. दुसरा माणूस मिळेना, पाण्याला उधाण होतं, बोट बंदरात राहिली. तिसऱ्या दिवशी मोठ्या पापलेटचा भाव चांगलाच वर गेला, शेजारणीने मुद्दाम येऊन सांगितलं. मी ऐकला. पाट्या धुऊन उन्हात उलट्या घातल्या होत्या, त्या सुकल्या का बघायला उठले.